कित्ते मिले?

२०१३ च्या दिवाळीत एका अंकात आमचा पहिला मराठी लेख छापून आला. पोस्टमनने आणून दिलेला अंक अम्मीने हातात घेतला. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा आम्हीच पान उघडून आमच्या नावावर बोट ठेवले. तिने ते नाव चाचपून पाहिले, पाने मोजली, चष्मा काढला आणि विचारले, "इत्ता लिखे, कित्ते मिले?" आम्ही म्हणालो, "ये किताब मिली." त्यावर ती म्हणाली, "ये तो पढ़ने कू दिये. मेहनत का क्या दिये?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर बारा वर्षे आम्ही लिहितो आहोत, मराठीत अधिक, उर्दूत थोडे. आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात लेख मागणारे फोन येऊ लागले की अम्मीचा तो प्रश्न आठवतो. वाचकहो, आमच्या साहित्यात भाषेवर चर्चा होते, अस्मितेवर होते, मुख्य प्रवाह आणि उपप्रवाह यांवर तर परिसंवादच परिसंवाद होतात. लेखाला पैसे कोण देतो, किती देतो, आणि जो देतो तो आमच्याकडून काय लिहून घेतो, यावर मात्र व्यासपीठावर कोणी तोंड उघडत नाही. चहाच्या टपरीवर सगळे बोलतात. म्हणून हा विषय आम्ही टीकालेखात घेतला आहे. हा हिशेब साहित्याच्या बाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

प्रथम शब्दच पाहू. मराठीत म्हणतात 'मानधन'. मान आणि धन या दोहोंतले निदान एक तरी नक्की मिळेल असे या शब्दावरून वाटते, म्हणून धन बुडाले तर मानावर समाधान मानण्याची सोय त्यातच करून ठेवलेली आहे. उर्दूत 'एज़ाज़िया' म्हणतात, त्याचीही तीच तऱ्हा. पण उर्दूत आणखी दोन शब्द आहेत, 'उजरत' आणि 'मेहनताना'. सुताराला, शिंप्याला, कातिबाला जे देतात ते उजरत. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्या प्रत्येक जलशात ऐकवली जाते. ती ऐकवणाऱ्या स्मरणिकेला लेख देणाऱ्याचा घाम मात्र वाळून त्याचे मीठ झाले तरी चालते. 'मानधन' या शब्दाची आम्हां शिक्षकांना आणखीही एक ओळख आहे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली, आणि वर्गात पूर्ण तास घेणाऱ्याच्या पगाराला तीन वर्षे मानधन म्हणण्याची रीत पडली. माध्यमिक शिक्षण सेवकाचे हे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून अठरा हजार झाले. त्याआधी कित्येक वर्षे ते आठ हजारांवर अडकून होते. ती तीन वर्षे आम्हीही काढली. म्हणून ज्याला 'मानधन' म्हणतात तिथे मोजून काम आणि न मोजता दाम असते, हे आम्हांला पुस्तकात वाचावे लागले नाही.

आता अंकांच्या पहिल्या पानावरचे 'लेखकांना निवेदन' पाहा. हा मजकूर कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. आम्ही गेल्या काही वर्षांत असे पन्नासएक अंक पुढ्यात घेऊन फक्त निवेदने वाचली. लेख कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. अक्षर सुवाच्य असावे, किंवा अलीकडे, युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावा. लेख परत हवा असल्यास पुरेशी तिकिटे लावलेला लिफाफा जोडावा. (रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले; निवेदनातली तिकिटे मात्र अजून जागची हललेली नाहीत.) निवडीबाबत संपादकांचा निर्णय अंतिम राहील. लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. म्हणजे लेखकाने काय काय करावे हे सगळे आले. वाक्यरचना बघा, सगळीकडे विध्यर्थ, करावा, असावा, जोडावा. संपादकाने काय करावे, लेख मिळाल्याचे कधी कळवावे, किती दिवसांत निर्णय द्यावा, छापल्यावर किती द्यावे, याबद्दल एक ओळ नाही. जाहिरातीचे दर मात्र त्याच अंकात पूर्ण पान, अर्धे पान, मलपृष्ठ रंगीत असे आकड्यांत छापलेले असतात. ज्या अंकाला आकडा छापायची लाज नाही त्याला ती फक्त आमच्याच बाबतीत का वाटावी?

काही अंकांत एक ओळ असते, 'स्वीकृत साहित्यास योग्य मानधन दिले जाईल'. यातला 'योग्य' हा शब्द मराठी गद्यातला सर्वांत लवचिक शब्द असावा. आम्हांला त्याचा अनुभव एकदा दीडशे रुपयांचा आला. तेही चेकने, आणि चेकवर आमच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पासबुकातल्यापेक्षा वेगळे. आपल्या वाचकांना हे दुखणे नवे नाही. 'शेख' एकच, पण इंग्रजीत तो चार प्रकारे लिहितात. बँकेने चेक परत केला. बदलून मागायला दोन फोन केले, तिसरा करवला नाही. दीडशे रुपयांसाठी किती वेळा आपले नाव समजावून सांगायचे?

असो. पण ही स्थिती नेहमीच अशी होती आणि सगळीकडे अशीच आहे, हेही खरे नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' काढले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक दिला. दिवाळी अंकाची परंपरा तिथून धरतात. या परंपरेत जाहिरातीचा पैसा पहिल्यापासून महत्त्वाचा आहे, आणि ज्या थोड्या अंकांकडे तो भरपूर येतो ते लेखकाला व्यवस्थित देतात, वेळेवर देतात. उर्दूत दिल्लीचे 'शमा' होते, १९३९ साली सुरू झालेले. त्यात सिनेमा होता, शब्दकोड्याचे 'मुअम्मे' होते, बक्षिसे होती, नाके मुरडणारेही खूप होते. आणि नाके मुरडणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातच लिहीत, कारण 'शमा' पैसे देत असे. दुसऱ्या टोकाला अलाहाबादचे 'शबखून'. शम्सुर्रहमान फारुकी टपाल खात्यात नोकरी करत होते आणि १९६६ पासून २००५ पर्यंत त्यांनी ते चालवले. आधुनिक उर्दू साहित्याला त्या मासिकाने जे दिले त्याला मोल नाही. पण अशी मासिके नोकरीच्या पगारावर उभी राहतात, आणि त्यांत लिहिणारेही आपापल्या नोकरीच्या पगारावर लिहितात. ज्याला नोकरी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

उर्दू छपाईत एक गोष्ट तर फारच विलक्षण होती. हाताने किताबत होत असे तेव्हा कातिबाला पानाच्या हिशेबाने पैसे मिळत. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग कातिब सांगायचे, "हमने जिसका लिखा नकल किया, उसको कुछ नहीं मिला, हमको मिला." १९९४ नंतर इनपेज आले, कातिब गेले, टायपिंगवाला आला. त्यालाही पानाचे मिळतात. कागदवाला, छापखानेवाला, बाइंडर, पोस्ट, कोणीही 'साहित्यसेवा' म्हणून फुकट काम करत नाही. सेवा एकट्या लेखकाच्या वाट्याला.

आता मुख्य मुद्दा. पैशाने लेखनाचे काय होते? आमच्या पेशाचा एक माणूस घेऊ. प्रेमचंद शिक्षक होते, उर्दूत लिहीत, कानपूरच्या 'ज़माना'त छापून येत. वयाच्या पस्तिशीच्या आसपास ते हिंदीकडे वळू लागले. कारणे अनेक असतील, पण उर्दूत प्रकाशक मिळत नाही हे एक कारण त्यांनी स्वतःच मित्राला कळवले होते. 'बाज़ार-ए-हुस्न' ही कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली. पण आधी छापली गेली ती हिंदीत, 'सेवासदन' या नावाने, आणि कलकत्त्याच्या प्रकाशकाने तिचे साडेचारशे रुपये दिले. उर्दू आवृत्ती लाहोरहून निघायला १९२४ साल उजाडले, आणि तिचे मिळाले अडीचशे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एका लेखकाची भाषा का बदलली याचा अर्धा उलगडा होतो. उर्दूचे दर्दी लोक आजही हळहळतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या आजोबा-पणजोबांनी 'ज़माना'ची वर्गणी वेळेवर भरली होती, हे विचारायला हवे. १९२१ साली प्रेमचंदांनी सरकारी नोकरी सोडली; पुढे १९३४ साली मुंबईच्या एका सिनेमा कंपनीत वर्षाला आठ हजारांवर आले, कारण १९३० साली काढलेले त्यांचे स्वतःचे 'हंस' तोट्यात होते. म्हणजे जो मासिकांकडून पैसे मागत होता तोच स्वतः मासिक काढून कर्जात गेला. हेही विसरू नये.

मंटोचे उदाहरण उलट्या बाजूचे. १९४१-४२ मध्ये दीडेक वर्ष ते दिल्ली रेडिओवर पगारी नोकर होते आणि त्या काळात त्यांनी शंभराच्या आसपास श्राव्य नाटके लिहिली. टीकाकार त्यांना फारसे हात लावत नाहीत. १९४८ नंतर लाहोरात ना नोकरी, ना सिनेमा. रोजच्या खर्चासाठी, आणि दारूसाठीही, कथा लिहायची आणि रोख पैसे घ्यायचे. १९५५ साली त्रेचाळिशी न गाठता गेले. त्या शेवटच्या वर्षांतल्या कथांत घाई दिसते, एकच चाल पुन्हा आलेली दिसते. आणि 'टोबा टेक सिंह'ही त्याच वर्षांतली. त्यामुळे पैशासाठी लिहिलेले वाईटच असते आणि फुकट लिहिलेले पवित्र असते, ही आपल्याकडची समजूत आम्ही मानत नाही. पैशाने लेखन नासत नाही. पैसे देणारा 'काय हवे' ते आधीच ठरवून बसला की नासते.

आणि इथे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाची खरी अडचण सुरू होते. पैसे देणाऱ्या मराठी अंकांच्या बाजारात आमच्यासाठी ठरावीक तीनच दुकाने आहेत. पहिले ईदचे, त्यात शीरखुर्मा, अत्तर, शेजारच्या काकू आणि गंगा-जमुनी. दुसरे तलाकचे, जे २०१९ च्या कायद्यानंतर काही काळ फार जोरात चालले. तिसरे दंगलीचे, आणि त्यात आपण एकाच वेळी रडलेही पाहिजे आणि समजूतदारही राहिले पाहिजे. या तिन्ही विषयांवर लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. हमीद दलवाईंनी १९६५ साली 'इंधन' लिहिली, ती कोणाच्या फर्माईशीवरून नव्हे. पण आम्ही एका संपादकांना विचारले होते की आमच्या उर्दू शाळेत भूगोल शिकवताना जी गंमत होते त्यावर लेख देऊ का? पुस्तकात नदीचे नाव उर्दू लिपीत येते, मुले ते तीन तऱ्हांनी वाचतात, गावाबाहेरची रोज पाहिलेली नदी पुस्तकात ओळखू येत नाही. भाषा आणि लिपी यांच्याविषयी त्यात बरेच काही आहे असे आम्हांला वाटत होते. संपादक सज्जन होते. म्हणाले, "सर, छान आहे, पण तुमच्याकडून आम्हांला जरा तुमच्या समाजातलं हवं आहे." भूगोल आमच्या समाजातला नाही, हे त्या दिवशी कळले. त्यांनी सुचवलेल्या विषयाला दोन हजार मिळणार होते. आम्ही तो लेख लिहिला. पैसेही मिळाले, वेळेवर. लेख वाईट होता. त्यात शेजारच्या काकूही होत्या.

म्हणून जे तरुण आम्हांला विचारतात की पैसे देणारी मासिके शोधायची कशी, त्यांना आम्ही जे सांगतो ते इथेही सांगतो. त्याला यादी नाही, कारण यादी दरवर्षी बदलते. आधी अंक वाचा. ज्या अंकाचे तीन अंकही वाचलेले नाहीत त्याला लेख पाठवणे म्हणजे न पाहिलेल्या घरी मागणी घालणे. जाहिराती मोजा. पानोपानी जाहिराती आणि लेखकाला शून्य, असा अंक असेल तर तो गरीब नाही, हे ओळखा. त्यात लिहिणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला सरळ विचारा, "तुम्हांला कित्ते मिले?" आपल्याकडे हे विचारणे असभ्य समजतात, आणि लेखकाला जे कमी मिळते त्यातले निम्मे या सभ्यतेमुळे. सरकारी आणि निमसरकारी नियतकालिकांकडे पाहा, दिल्लीचे 'आजकल', राष्ट्रीय उर्दू परिषदेचे 'उर्दू दुनिया' आणि २०१३ पासूनचे 'बच्चों की दुनिया', इकडे बालभारतीचे १९७१ पासूनचे 'किशोर'. अशा ठिकाणी मानधन हे संपादकाच्या मर्जीवर नसून अंदाजपत्रकात असते. रक्कम मोठी नसते आणि यायला वेळ लागतो, पण मागायला लाजावे लागत नाही. आकाशवाणीची रीत तर आम्हांला सर्वांत सभ्य वाटते. भाषणाची तारीख, मिनिटे आणि फी लिहिलेले करारपत्र आधी हातात येते, मग आपण सही करतो. मासिकांना हे का जमू नये?

उलट ज्या ठिकाणी 'सहकार्य निधी' भरल्यावर लेख छापतात, तिथे जाऊच नका. आमच्या पेशात पदोन्नती आणि संशोधनाच्या गुणांसाठी अशी कैक नियतकालिके निघाली. त्यांत पैसे लेखक देतो आणि वाचक कोणीच नसतो.

एक कायद्याची गोष्टही सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. पगारी नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेला लेख छापल्याने मासिकाच्या मालकीचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, त्यात मोबदल्याचा उल्लेख असावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच समजतात. तेव्हा 'आमच्या अंकात आलेले साहित्य अन्यत्र देऊ नये' हे निवेदनातले वाक्य वाचून घाबरू नका. आपण एकदा छापायची मुभा दिली, त्यांनी एक प्रत दिली. तेवढ्यावर पुस्तकाचे हक्क जात नाहीत.

आता थोडे आपल्या घरातले. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यानंतर आपले विशेषांक, वार्षिके, स्मरणिका निघत राहिल्या. यांतले बहुतेक काही देऊ शकत नाहीत हे आम्हांला दिसते. हा लेखही आम्ही फुकटच लिहितो आहोत आणि आनंदाने लिहितो आहोत, कारण उर्दू शाळेतल्या भूगोलावर लिहू का असे इथे कोणाला विचारावे लागत नाही. पण फुकटपणाचे आपलेही नुकसान होते, ते कबूल केले पाहिजे. ज्याला काही दिले नाही त्याचा लेख परत कसा करायचा, या भिडेने संपादक सगळे छापतो. मागच्या वर्षीचे अध्यक्षीय भाषण शीर्षक बदलून येते. शुद्धलेखन कोणी पाहत नाही, नुक्ता हवा तिथे पडत नाही आणि नको तिथे पडतो. कोणी म्हणत नाही की हे दुसरे पान काढा, तिसऱ्यापासून सुरू करा. पैसे देणारा संपादक निदान तेवढे तरी म्हणतो. आमच्या बारा वर्षांत ज्या दोन संपादकांनी आमच्याकडून लेख दोनदा लिहून घेतला, त्या दोघांनीही पैसे दिले होते. हा योगायोग नसावा.

आणि आपला वाचक? लग्नपत्रिकेवर, वलीम्याच्या मंडपावर आपण काय खर्च करतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच घरात दोनशे रुपयांचा अंक 'भेट' मिळावा अशी अपेक्षा असते. आम्ही स्वतः या अंकाच्या मागच्या दोन प्रती भेट घेतल्या आहेत, म्हणून हे वाक्य जोरात म्हणता येत नाही.

आमच्या शाळेत एक आपा आहेत. दखनी बोलीतल्या बायकांच्या कथा त्या मराठीत लिहितात. संवाद दखनीत, बाकी मराठी. असे लिहिणारे आम्ही फार थोडे पाहिले आहेत. त्यांच्या सात कथा छापल्या गेल्या, पाच वेगवेगळ्या अंकांत. टायपिंगला पानाला तीस रुपये त्यांनी दिले, कारण त्यांना स्वतःला टायपिंग येत नाही. सात कथांचे मिळून एकदा तीनशे रुपये आले. घरी सासूबाई विचारतात, नवरा विचारत नाही पण बघतो. गेल्या वर्षीपासून त्या संध्याकाळी दोन शिकवण्या घेतात. आम्ही म्हणालो, "आपा, वो आठवी कहानी?" त्या म्हणाल्या, "भाईजान, टाइम किधर है?" कथा अर्धी लिहिलेली आहे. एक म्हातारी रेशनच्या रांगेत आपला अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून रोज परत जाते आणि रोज घरी वेगळे कारण सांगते, अशी ती कथा आहे. शेवट काय होतो हे आपांनी आम्हांला सांगितलेले नाही.

आम्ही त्या अर्ध्या कथेची झेरॉक्स काढून घेतली आणि तीन संपादकांना एकच पत्र लिहिले. कथा पूर्ण झाल्यास आपण घ्याल का, घेतल्यास किती द्याल, आणि केव्हा? एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्यांनी कळवले की विषय उत्तम आहे, पण दखनी संवाद मराठी वाचकाला जड जातील, ते मराठीत करून द्यावेत. तिसऱ्यांनी पोस्टकार्डावर आकडा लिहून पाठवला. आकडा मोठा नाही, दोन शिकवण्यांच्या एका महिन्याएवढा आहे. ते पोस्टकार्ड आम्ही आपांना स्टाफरूममध्ये दिले, आणि त्यांनी ते दोनदा वाचून पर्समध्ये ठेवले.